सात नंबरचा क्रेट

त्या उन्हाळ्यात कोंबड्या गाडीतच मरायला लागल्या. पहाटे निघालेली गाडी कारखान्याच्या फाटकाशी येईपर्यंत ऊन डोक्यावर चढायचं, आणि पिंजरे उतरवले की वरच्या थरातल्या दहा-पंधरा तरी मान टाकून पडलेल्या असायच्या. ज्या जगून यायच्या त्याही वजनाला हलक्या. उन्हात कोंबडी दाणा टिपत नाही, नुसती चोच उघडी टाकून धापा टाकते. कारखान्याचा खर्च मात्र कमी होत नव्हता. बर्फ तेवढाच, वीज तेवढीच, माणसं तेवढीच. मग मोठ्या साहेबांनी ठरवलं की कोंबडी वाढत नसेल तर तिच्यातून निघणारं मांस वाढवायचं आणि ते काढणारे हात जरा लवकर हलवायचे. त्यासाठी त्यांनी बाहेरून एक माणूस आणला. गळ्यात दोरीला घड्याळ, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला कागद लावलेले. माणूस तसा साधा होता, बोलताना खाली बघायचा. पण पहिल्याच दिवशी त्याचं नाव घड्याळवाला पडलं ते पडलंच.

त्या बातमीनं कारखान्यामागच्या चाळीतल्या एका खोलीत झोप उडाली होती.

खोली कारखान्याची होती आणि ती फक्त कायम कामगाराला मिळायची. त्या घरात काम तिघं करत होती, पण कायम एकटी सासूच. मुलगा जिवंत कोंबड्या पायांनी आकड्यांना टांगायच्या कामावर होता आणि सून सासूच्याच टेबलावर मांस काढायला. दोघंही ठेकेदाराच्या हजेरीवर, आज आहेत, उद्या नाहीत. म्हणजे डोक्यावरचं छप्पर सासूच्या हातावर उभं होतं, आणि तिचा हात गेला होता.

सून सासूला आत्याबाई म्हणायची. टेबलावरच्या सगळ्याच त्यांना आत्याबाई म्हणायला लागल्या होत्या. एकोणीस वर्षं थंड मांसातून सुरी फिरवून आत्याबाईंच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं सकाळी तळव्याला चिकटलेली असत. उठल्या की अंथरुणातच बसून त्या डाव्या हातानं एकेक बोट सोडवत. सुटताना कट् असा आवाज येई. पहिला कट्, मग थोड्या वेळानं दुसरा. सून चुलीकडे तोंड करून तो आवाज ऐकत असे. दुसरा कट् ऐकू आला की तिचा जीव भांड्यात पडे.

"उघडली का?" मुलगा विचारी.

"उघडायला दार आहे का ते?" आत्याबाई म्हणत. "तू तुझा सदरा घाल आधी."

सदरा घालणं हे त्याचंही एक कामच झालं होतं. मिनिटाला वीस-पंचवीस कोंबड्या डोक्याच्या उंचीला टांगून त्याचा खांदा वर जाईनासा झाला होता. तो कमरेत वाकायचा, हात खाली लोंबता सोडायचा आणि बाहीत शिरायचा. बायकोनं मदतीला हात पुढे केला की चिडायचा.

मांस काढायचा हॉल म्हणजे बाहेरच्या जगाच्या उलटा. बाहेर पत्रे तापून तडतडत असत आणि आत बायका दोन-दोन स्वेटर घालून उभ्या. अंगावर प्लास्टिकचा एप्रन, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. औषधाच्या पाण्याचा वास डोळ्यांत जायचा. टेबलावर पाचजणी. एका बाजूला सून, आत्याबाई आणि पैलवान. समोर रेडिओ आणि पोटुशी. पैलवान अंगानं आडवी होती आणि एका हातानं बर्फाची पाटी उचलायची. रेडिओ बोलायची थांबत नसे. पोटुशीला सहावा महिना होता आणि टेबलाची कडा तिच्या पोटाला टेकायला लागली होती.

तंगड्या काढलेली कोंबडी फिरत्या पट्ट्यावरून येई. ती उचलायची, खांद्याच्या सांध्यात सुरीचं टोक घालायचं, पंख धरून छातीचं मांस ओढून काढायचं, आतल्या मांसाच्या दोन पट्ट्या सोडवायच्या आणि सांगाडा टाकून द्यायचा. प्रत्येकीसमोर टेबलाच्या मधोमध नंबर घातलेला क्रेट. त्याच्या एका कप्प्यात मांस, दुसऱ्यात सांगाडे. तासाचा भोंगा झाला की काटेवाला येऊन सांगाडे मोजी, मांस तोली. तासाला छत्तीस कोंबड्या निघाल्या पाहिजेत, असा नियम होता. आत्याबाईंचा क्रेट सात नंबरचा. एकेकाळी त्यात पन्नास सांगाडे पडलेले लोकांनी पाहिले होते.

आता पडत होते बावीस.

तरी आत्याबाई टेबलावर टिकून होत्या, त्याला कारण त्या टेबलाची एक रीत होती. तिला हात देणं म्हणत. एखादी आजारी असेल, रात्रभर मूल जागवलेलं असेल, बोट कापलेलं असेल, तर शेजारणीनं आपली काढलेली कोंबडी तिच्या क्रेटात टाकायची. गुपचूप टाकायची. घेणारीनं पाहायचं नाही, देणारीनं बोलायचं नाही, आपसातही नाही. कोण कुणाला देतंय हे विचारलं की ते उपकार झाले, असं पैलवान म्हणायची, आणि पैलवानशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. सून गेले चार महिने आपल्यातल्या अकरा कोंबड्या दर तासाला सात नंबरात सारत होती. आत्याबाई पुढची कोंबडी घ्यायला पट्ट्याकडे वळल्या की हिचा हात चालायचा. तरी बेरीज तेहेतीस व्हायची. तीन कमी पडायच्या, पण काटेवाला जुना होता, कागदावरून नजर फिरवून पुढं जायचा.

घड्याळवाला तसं करणार नव्हता.

आल्या दिवशी तो रेडिओच्या मागे अर्धा तास उभा राहिला. तिच्या हाताबरोबर त्याचा अंगठा घड्याळावर टकटक वाजत होता. तो पलीकडच्या टेबलाकडे गेल्यावर रेडिओ म्हणाली, "बाई गं, हा जेवायला बसला की पण घड्याळ लावत असेल. बायकोनं वाढायला उशीर केला तर कागदावर लिहीत असेल."

"बायको असेल तर ना," पैलवान म्हणाली. "पळाली असेल. ठरल्या वेळेच्या आधी."

पोटुशी हसली आणि पोट धरून म्हणाली, "हसवू नका, मला जावं लागतं."

"जा की. दोन मिनिटं लिहील तुझ्या नावावर."

आत्याबाई हसल्या नाहीत. मान खाली घालून त्या सांध्यात सुरीचं टोक शोधत होत्या. सुरी हाडावर कचकन घासली. सुनेनं ते ऐकलं आणि त्या तासाला अकराच्या ऐवजी बारा टाकाव्या का, असा विचार केला. पण तिचेच छत्तीस कसेबसे होत होते. तिनं अकराच टाकल्या आणि आपलं मन घट्ट केलं.

शनिवारी मोजणीचा मुख्य तास होता. सगळा हॉल गप्प. नुसता सुऱ्यांचा आवाज, सांगाडे क्रेटात पडल्याचा आवाज आणि डोक्यावर घुं घुं करणारे पंखे. सुनेला मान वर करायला फुरसत नव्हती. थंडीनं नाकातून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात रिकामा नव्हता. भोंगा झाला. घड्याळवाल्यानं काटेवाल्याला बाजूला करून स्वतःच्या हातानं क्रेट मोजले. सात नंबरापाशी त्यानं दोनदा मोजलं. एक सांगाडा उचलून दिव्याकडे धरून पाहिला. मग टेबलाच्या टोकाशी येऊन, खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सात नंबर. चोपन्न."

त्यानं आकडा कागदावर लिहिला.

"आणि मांस सगळ्यांत कमी यांच्याच हाडावर उरलंय. सोमवारी मोठे साहेब येणार आहेत. तुम्ही हॉलच्या टोकाच्या उंच पायरीवर उभं राहून सगळ्यांना करून दाखवा. तासाला चोपन्न होऊ शकतात, तर पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांचा आकडा चोपन्न."

सुनेला काही कळेना. बावीस आणि अकरा तेहेतीस होतात, हे तिला झोपेतही पाठ होतं. तिनं आत्याबाईंकडे पाहिलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर लाली चढली होती. इतक्या वर्षांत असं काही तिनं त्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

पाळी सुटल्यावर नळाशी बूट धुताना सुनेनं विषय काढला. आत्याबाई पुढे निघून गेल्या होत्या. सून म्हणाली, "मी अकरा टाकल्या होत्या. आता विचारते, मला माफ करा, पण बाकीच्या कुणाच्या?"

पैलवान बूट घासत राहिली. मग म्हणाली, "नऊ माझ्या."

"तुमच्या?"

"मला काय माहीत तू टाकतेस! मला वाटलं, आज हा मेला मोजणार, म्हातारी उघडी पडेल. म्हणून टाकल्या."

रेडिओचं बोलणं पहिल्यांदाच अडखळलं. "माझ्या पण आहेत आठ."

सगळ्यांनी पोटुशीकडे पाहिलं. ती नळाखाली हात धरून उभी होती. "माझ्याकडे काय बघता? चारच टाकल्या मी," ती रडवेली होऊन म्हणाली. "चार टाकल्यात तर काय होतंय, असं वाटलं मला."

रेडिओ आधी हसली. मग पैलवान. सगळ्या नळाशी उभ्या राहून हसत होत्या आणि बुटांवरून लाल पाणी वाहत होतं. हसणं संपल्यावर मात्र एकेकीचं तोंड उतरलं. चोपन्न म्हणजे काय हे त्यांच्या मनगटांना पक्कं ठाऊक होतं.

"खरं सांगितलं तर?" पोटुशीनं विचारलं.

"तर म्हातारी गेली. खोली गेली," पैलवान म्हणाली आणि सुनेकडे पाहिलं. "तूच ठरव बाई. तुझ्या घरातला माणूस."

सून घरी आली तर आत्याबाई दारात बसल्या होत्या. हात कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवलेला. शेजारीण ऐकायला उभी. "चोपन्न," त्या सांगत होत्या. "वर पायरीवर उभं करणार आहेत. माझ्या वयाच्या किती निघून गेल्या, मोजा."

आत गेल्यावर त्यांनी सुनेला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, तू टाकतेस ते मला माहीत आहे. बोलायचं नाही म्हणून बोलले नाही कधी. तुझी कोंबडी मी ओळखते. गळ्याच्या हाडापाशी तू नेहमी थोडं ठेवतेस. अकरा तुझ्या, खरं ना?"

"हो, आत्याबाई."

"चोपन्नातून अकरा गेल्या, त्रेचाळीस राहिल्या." म्हातारीनं पाण्यातून हात वर काढला आणि उलटा-सुलटा करून पाहिला. "त्रेचाळीस गं! हात परत आला माझा. मला वाटतच होतं हल्ली, दुपारनंतर बोटं मोकळी होतात म्हणून."

सुनेच्या तोंडापर्यंत शब्द आले. तेवढ्यात नवरा आला. आईनं त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू तर मशीन निघालीस," आणि त्यालाही इतका आनंद झाला की दुखरा खांदा विसरून त्यानं आईच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि कळवळून खाली घेतला.

जेवण झाल्यावर सुनेनं त्याला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत भिंतीला टेकून बसला.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? सोमवारी सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आज घरात कळलेलं बरं."

"तू सांग. माझ्यानं व्हायचं नाही. मी तिच्या पोटचा आहे."

"म्हणूनच तुम्ही सांगायचं."

"नाही गं. नाही जमणार."

अख्खा रविवार तसाच गेला. आत्याबाईंनी धार लावायच्या सळईवर सुरी फिरवून फिरवून आरशासारखी केली. केस धुतले. सुनेनं तीनदा सुरुवात केली आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलली. एकदा तर मिठाचा डबा कुठं आहे ते विचारलं, तो हातातच होता. आपण भित्र्या आहोत की मायाळू, हे तिचं तिला ठरवता येईना. बहुधा दोन्ही असावं.

सोमवारी कपडे बदलायच्या खोलीत आत्याबाईंच्या एप्रनची मागची गाठ मारताना तिनं सांगितलं. पाठीशी उभं राहून सांगणं सोपं गेलं. "आत्याबाई, पैलवानच्या नऊ होत्या. रेडिओच्या आठ. पोटुशीच्या चार."

गाठ मारून झाली तरी आत्याबाई वळल्या नाहीत. समोर खुंटीवर एप्रन लटकत होते, तिकडे पाहत होत्या. ओठ हलले. बेरीज चालली होती.

"बावीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"पोटुशीनंसुद्धा?"

"हो."

"ती मरेल एखाद दिवशी, मूर्ख पोर." मग खुंटीवरचा मोजा काढून, "कधी कळलं तुला?"

"शनिवारीच."

"आणि रविवारभर मला केस धुऊ दिलेस."

सुनेला रडू आलं. आत्याबाईंनी जाळीचा मोजा चढवला, बोटं एकेक करून त्यात घातली. "रडू नकोस. तिकडे आत डोळे चुरचुरतात ते पुरे आहे," म्हणाल्या आणि बूट फरफटत हॉलकडे निघाल्या.

हॉलमध्ये सगळा पट्टा थांबवला होता. असं कधी होत नसे. पट्टा थांबला की वरच्या टाकीतला बर्फ वितळतो, मागे टांगलेल्या कोंबड्या अडतात, फाटकात गाड्या उन्हात उभ्या राहतात. एकेका मिनिटाचं नुकसान भिंतीवर लिहून लावलेलं होतं. पण आज मोठे साहेब स्वतः आले होते. अंगावर घडी न मोडलेला पांढरा कोट, डोक्याला जाळी. पायरीवर एक छोटं टेबल मांडलं होतं. तीन टेबलांच्या बायका गोल उभ्या होत्या. घड्याळवाल्यानं आत्याबाईंना हात देऊन वर चढवलं.

आत्याबाईंनी कोंबडी उचलली. सांध्यात टोक घातलं. पंख ओढला, बोटं निसटली, पुन्हा ओढला. मांस अखंड सुटलं, कुठं फाटलं नाही. पण वेळ लागला. घड्याळवाल्याचा अंगठा वर राहिला तो राहिलाच. सांगाडा खाली ठेवल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं, झटकून पुन्हा पाहिलं. "दोन मिनिटं चाळीस," तो हळूच म्हणाला. "बाई, घाबरू नका. रोजच्यासारखं करा."

"हे रोजचंच आहे," आत्याबाई म्हणाल्या. "बावीस होतात माझ्या तासाला. चोपन्न माझ्या नव्हत्या."

"मग कुणाच्या?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"या चौघींच्या. माझ्या क्रेटात टाकतात."

"का?"

आत्याबाईंनी सुरीचं टोक एप्रनला पुसलं. "माझ्या होत नाहीत म्हणून," त्या म्हणाल्या. "आम्ही पण टाकत होतो आधीच्या म्हाताऱ्यांच्या क्रेटात. तुम्ही चोपन्न लावाल तर या मरतील साहेब. तेवढ्या इथं कुणाच्याच होत नाहीत. ही पोटुशी बघा."

साहेबांनी पोटुशीकडे पाहिलं नाही, घड्याळवाल्याकडे पाहिलं. "मग खरा आकडा काढा."

घड्याळवाल्यानं कागदावर मांडलं. सून पायरीला लागूनच उभी होती, तिला कागद दिसत होता. चौघींचे छत्तीस-छत्तीस आणि वर चोपन्न, मिळून एकशे अठ्ठ्याण्णव. त्यातून त्यानं म्हातारीचे बावीस वजा केले. राहिले एकशे शहात्तर, ते चौघींचे. सुनेनं मनातल्या मनात चारानं भागलं. चव्वेचाळीस. हात द्यायला जी ताकद त्यांनी आजवर लपवून राखली होती, ती आता आकड्यात बसणार होती. घड्याळवाल्याची पेन्सिल तिथं थांबली. त्यानं एकदा पोटुशीकडे पाहिलं, बावीसची वजाबाकी खोडली आणि सगळ्याला पाचानं भागलं.

"चाळीस," तो म्हणाला.

"बस?"

"या उन्हाळ्यात एवढेच निघतील, साहेब."

साहेबांनी मान हलवली. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. "आणि या बाई?"

"कायम आहेत. काढता येत नाही लगेच. क्रेट धुवायला माणूस हवाच आहे." घड्याळवाला आता आत्याबाईंशी बोलत होता, पण बघत खालीच होता. "तिथं पाणी गरम असतं."

"पगार?" पैलवाननं मागून विचारलं.

"धुण्याचा."

"खोली?" सून विचारून बसली.

"खोली कायम कामगाराची. राहील."

सुनेला मोकळं वाटलं आणि त्याच क्षणी त्या वाटण्याची लाज वाटली. क्रेट धुण्याची जागा म्हणजे बाहेर पत्र्याखाली, रक्ताच्या चिखलात, जिथं नवखी आणि शिक्षा झालेली माणसं पाठवत. एकोणीस वर्षांचा हात तिथं खराटा धरणार होता.

"चला, पट्टा चालू करा," साहेब म्हणाले.

"थांबा, साहेब," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी समोरची दुसरी कोंबडी उचललेली होती. केव्हा उचलली कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सुरीचं टोक सांध्यात गेलेलं होतं. "हातात घेतलीय. एवढी होऊ द्या."

पट्ट्याच्या बटणाशी उभ्या असलेल्या माणसानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळवाल्याकडे. घड्याळवाल्यानं गळ्यातलं घड्याळ खिशात टाकलं. कुणीच काही म्हटलं नाही, म्हणून मग बटण दाबलं गेलं नाही.

आत्याबाईंनी एक बाजू सोडवली. बोट अडकलं. त्यांनी सुरी ठेवली, डाव्या हातानं बोट उघडलं आणि सुरी पुन्हा घेतली. तो कट् आवाज शांत हॉलमध्ये शेवटच्या टेबलापर्यंत गेला. दुसऱ्या बाजूचा पंख ओढताना सांगाडा घसरायला लागला तेव्हा सुनेचा हात आपसूक पायरीवरून पुढं गेला, चार महिन्यांच्या सवयीनं.

आत्याबाईंनी तो कोपरानं बाजूला सारला. जोरात नाही, पण सारला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "ही माझी आहे."

सुनेनं हात मागे घेतला आणि एप्रनला पुसला. वरून बर्फाचं पाणी टपटप गळत होतं. आत्याबाई घाई न करता आतली पट्टी सोडवत होत्या, आणि सगळा कारखाना उभा होता.